प्रशांतदादाचा शेवटचा बदल

शेवटची भेटले तेव्हा प्रशांतदादानं विचारलं, "वाचलंस का गं?" मी म्हणाले, "नाही अजून." ते खोटं होतं. त्यानंतर नवव्या दिवशी तो गेला. आता दीड महिना झाला. त्याच्याबद्दल काही चांगलं लिहावं म्हणून बसले, तर आधी हेच पुढे येतं...

प्रशांतदादा माझा मावसभाऊ, अकरा वर्षांनी मोठा. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये नोकरीला होता. कुठली पेटी कुणाच्या बागेतली, हे सांगणारं सॉफ्टवेअर सांभाळायचा. नाशिकला घरी आला की स्वतःचं काम. क्रिप्टोकरन्सीच्या व्यवहारांचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, संगणकावर नीट साठवणारी एक लायब्ररी त्यानं लिहिली होती. इतर प्रोग्रामरांनी फुकट वापरावा असा तयार कोड. मला त्यानं पॅकहाउसच्या भाषेत समजावलं होतं. ब्लॉक म्हणजे पेटी. तो कितवा, केव्हाचा, कोणत्या ब्लॉकनंतरचा, ही माहिती म्हणजे पेटीवरची चिठ्ठी. दर वेळी पेटी उघडायला लागू नये, म्हणून चिठ्ठी. परदेशातल्या कंपन्या हा कोड वापरत. आमच्या नातेवाइकांत मात्र तो 'कॉम्प्युटरवर सट्टा खेळणारा'. त्यानं एकही कॉइन कधी घेतलं नाही. दिवसकार्याला आलेल्या एका काकांनी मला बाजूला घेतलं. "पासवर्ड तुला ठाऊक असेल ना? काही ना काही ठेवलं असेलच की त्यानं." मावशी मागेच उभी होती. तिनं ऐकलं आणि पाणी आणायला आत गेली.

मी फारशी बोलत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. त्याचा उपयोग फक्त दादानं केला. "बोलू नकोस, वाच," म्हणाला आणि मला कोड वाचायला शिकवलं. त्याचा एक नियम होता, आपला कोड आपणच पास करायचा नाही. दुसऱ्यानं वाचून होकार दिल्याशिवाय एक ओळ आत जाणार नाही, त्याची स्वतःचीसुद्धा. ती दुसरी म्हणजे मी. पहिल्यांदा त्याची चूक सापडली तेव्हा मी तीन दिवस गप्प होते. कळल्यावर चिडला. "मॅडम, लाजायचं तर लग्नात लाजा. इथे चूक दिसली की बोलायचं." मग उठून त्यानं चालू कॉम्प्युटरची वायर सॉकेटमधून उपटली. लिहिता लिहिता वीज गेली तर काय शिल्लक राहतं, ते तपासायची त्याची ही पद्धत. आधी पेटी ठेवायची, मगच चिठ्ठी लावायची. उलट केलं आणि मध्येच वीज गेली, तर चिठ्ठी राहते आणि पेटीच नसते.

आजारपणात सगळे त्याच्याशी गोड बोलायला लागले. डॉक्टर "छान चाललंय" म्हणायचे, मावशी "आज चेहरा बरा दिसतोय" म्हणायची. तो ऐकून घ्यायचा आणि माझ्याकडे बघायचा. हॉस्पिटलच्या खाटेवर लॅपटॉप घेऊन त्यानं लायब्ररीत एक बदल लिहिला आणि मला पाठवला. पहिल्याच वाचनात दिसलं. चिठ्ठी आधी, पेटी नंतर. औषधांमुळे असेल, थकव्यामुळे असेल... मला सांगवेना. चार वेळा विचारलं त्यानं. "तू काय पेशंट बघायला येतेस का? कोड बघ." निदान एका माणसानं तरी खरं बोलावं, एवढीच अपेक्षा होती त्याची. मीही त्याला इतरांसारखंच सांभाळून घेतलं. याला मी माया म्हणत होते.

तो गेल्यावर लायब्ररीच्या इंटरनेटवरच्या पानावर एका कंपनीच्या माणसानं लिहिलं, फार मोठा माणूस गेला. पुढच्याच ओळीत विचारलं, तो शेवटचा बदल कधी येणार? आणखी कुणी सुचवलं, त्याची आठवण म्हणून आहे तसाच घेऊन टाका. एक बटण दाबायचं होतं, आणि ते दाबायचा अधिकार आता माझ्याकडेच आहे. चार दिवस मी पान उघडून बंद करत राहिले. मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्याच्या बदलाखाली लिहिलं, "दादा, इथे चूक आहे. चिठ्ठी आधी लागतेय." दोन महिने उशिरा.

दुरुस्तीही मीच केली. दोन ओळींची जागा बदलायची होती, दोन मिनिटं लागली. पण ती माझी दुरुस्ती, मला पास करता येत नाही. कंपनीवाले रोज विचारतात, कधी येणार? मी त्यांना लिहिलंय, तुमच्यापैकी कुणीतरी एकदा वाचा, दोनच ओळी आहेत. अजून कुणी वाचलेल्या नाहीत.