गट्टूंवरून गेलेला नैवेद्य

खडकेश्वर महादेवाच्या चैत्री यात्रेला पहिला नैवेद्य जातो तो गिरिजाबाईच्या घरून. हा मान घरात कधी आला, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. सासूबाई म्हणजे साळूबाई म्हणतात, त्यांच्या सासूच्याही आधीपासून आहे. तो नैवेद्य देवापुढं गेल्याशिवाय भंडाऱ्याची पहिली पंगत बसत नाही, मग दारात कुणीही पाहुणा येऊन उभा राहिलेला असो.

गिरिजाबाई मूळच्या धावड्याच्या. सातवीपर्यंत शिकल्या, शाळेत खो-खो खेळल्या, आणि खेळता खेळताच लग्न होऊन तीर्थपुरीच्या अलीकडं सिरसमाळला आल्या. नवरा रामकिसन अबोल माणूस. कापूस, थोडा ऊस, आणि संध्याकाळी देवळात टाळ. गिरिजाबाई सोमवार पाळायच्या, खोटं बोलायच्या नाहीत आणि झालेली गोष्ट विसरायच्या नाहीत. गावात त्यांना सगळे मान द्यायचे तो अर्धा नैवेद्यामुळं आणि अर्धा या तिसऱ्या सवयीच्या भीतीनं.

देवळापुढं मोठं मैदान होतं. यात्रेच्या आठवड्यात तिथं पाळणे आणि खेळण्यांची दुकानं लागायची. बाकी वर्षभर ते जिल्हा परिषद शाळेच्या पोरींचं. भारत सरांनी दोन खांब रोवले आणि पोरींना खो-खो शिकवला. त्यात गिरिजाबाईची आकांक्षा अशी निघाली की खांबाला हात लावून वळताना ती कधी सूर मारायची, ते समोरच्या पोरीला कळायचंच नाही. संघ जिल्ह्यात जिंकला, राज्यात खेळला, आणि आकांक्षाला राष्ट्रीय स्पर्धेच्या सराव शिबिराचं बोलावणं आलं. त्याच सुमारास क्रीडा खात्याकडून मैदानाला मंजुरी आली. राष्ट्रीय मापाचं मैदान, वर मॅट, पोरींना कपडे बदलायला खोली.

मैदान काही झालं नाही. देवस्थानचे अध्यक्ष तातेराव यांनी त्याच जागेसाठी पर्यटनाची योजना आणली होती. हे माजी सरपंच, पांढरं धोतर, खिशाला दोन पेन. ग्रामसभेत उभं राहून म्हणाले, "पोरींची पळापळ बघायला कोण येतं हो? पर्यटक आला म्हणजे गाव वर येतं. खेळाचं तालुक्याला होऊ द्या." दिवाळीच्या आत अख्ख्या मैदानावर सिमेंटचे राखाडी गट्टू बसले. गाड्या लावायला पांढरे पट्टे आले, शोभेचे दिवे आले, आणि माणसाच्या उंचीची अक्षरं आली, "आय लव्ह सिरसमाळ". फोटो काढायला. खेळाची मंजुरी परत गेली.

शिबिर जवळ आलं होतं. आकांक्षानं गट्टूंवरच सराव धरला. खांब उपटलेले, म्हणून दिव्याच्या खांबाला वळसा घालायची. एका सकाळी गट्टूंवर सांडलेल्या बारीक खडीच्या कचीवरून पाय सटकला आणि गुडघा आतून फाटला. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालेल, पळेल, पण तसं वळायचं म्हणाल तर विसरा.

गिरिजाबाई तातेरावांच्या ओट्यावर गेल्या. त्यांना फक्त एवढंच ऐकायचं होतं, की चुकलं. तातेराव चहा पीत होते. म्हणाले, "वहिनी, वाईट झालं बघा. पण पोरीची जात. उद्या सासरी जायची. भाकरी थापायला गुडघा कुठं लागतो?"

ओट्यावरची दोन-तीन माणसं हसली. गिरिजाबाईंनी पदर सावरला आणि घरी आल्या. त्या रात्रीपासून त्यांच्या पोथीवाचनात खंड पडला नाही, जपात पडला नाही आणि तातेरावांचं नुकसान मागण्यातही पडला नाही. महादेवाला सरळ सांगायच्या, "तुझ्या दारात माझ्या पोरीचा पाय गेला. तू बघतोस का मी बघू?" देव काही बोलला नाही. गिरिजाबाईंनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला.

चैत्र आला. यंदाच्या यात्रेला पर्यटन खात्याचे साहेब लोक पाहणीला येणार होते. देवस्थानचा दर्जा वाढला की पुढचा निधी. तातेरावांनी पाहुण्यांना कौतुकानं कळवलं होतं की आमच्याकडं नैवेद्याची जुनी रीत आहे, ती तुम्ही बघाच, व्हिडिओ घ्या.

रीत अशी. देवस्थानच्या अध्यक्षानं हलगी घेऊन, अनवाणी, मानाच्या घरी बोलवायला यायचं. हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्याचा कलश. नैवेद्याचं ताट डोक्यावर घेतलेली बाई मागं, अध्यक्ष पुढं. तिच्या चालीनं चालायचं. कलश खाली टेकायचा नाही, पाणी हिंदकळू द्यायचं नाही. आजवर हे सगळं सकाळच्या गारव्यात, मैदानाच्या मातीतून व्हायचं. मातीतून चालताना कुणाच्या पायाला कधी काही झालं नव्हतं. म्हणून मैदान गट्टूंनी मढवताना एकाही शहाण्याला ती वाट आठवली नाही. तातेरावांना तर नाहीच. गट्टू बसल्यापासून ते त्यावरून बूट घालूनच फिरत होते.

गिरिजाबाईला मात्र आठवली. फाल्गुनातच, भर उन्हात गट्टूंवरून चालताना चपलेचा पट्टा तुटला आणि पाय टेकला तेव्हा. त्या हात कपाळाला लावून देवळाकडं बघत राहिल्या. मग तुटकी चप्पल हातात घेऊन, तशाच भाजत्या पायानं, हसत घरी आल्या.

यात्रेच्या दिवशी हलगी सकाळीच दारात वाजली. तातेराव कलश घेऊन उभे. नवं धोतर, कपाळाला अष्टगंध.

"चला वहिनी."

"पुरण वाटून राह्यले भाऊजी. बसा."

त्यांना कलश घेऊन बसता येत नव्हतं. थोड्या वेळानं परत, "झालं का?"

"कटाला फोडणी द्यायचीये."

हलगीवाले सावली धरून बसले. देवळातून दोनदा निरोप आला, साहेब लोक आले, पंगत खोळंबली. साळूबाई आत येऊन सुनेवर फिसकारल्या, "अगं, काय चालवलंस? देवाला उपाशी ठेवती काय?"

"देवाचं पहाटंच झालं आत्याबाई. देव्हाऱ्यात बघा, वाटीत पुरण आन तूप ठेवलंय. त्याची माफीबी मागितली. आता उपाशी हायेत ती माणसं."

साळूबाईंनी देव्हाऱ्यात डोकावून बघितलं, सुनेकडं बघितलं आणि खाटेवर जाऊन बसल्या. आकांक्षा चुलीपाशी होती. तिच्या लक्षात आलं. ती हळूच म्हणाली, "आई, तुझेबी पाय भाजतील."

"भाजू दे."

ऊन अगदी माथ्यावर आल्यावर गिरिजाबाईंनी ताट डोक्यावर घेतलं. गल्लीतून मिरवणूक निघाली, हलगी घुमली. गल्लीत सावली होती, तोवर ठीक. मैदानाच्या तोंडाशी आल्यावर तातेरावांनी पहिला पाय गट्टूवर टाकला आणि त्यांचा खांदा वर उडाला. कलशातलं पाणी हललं. बायकांनी लगेच कालवा केला, "सांडू नका हो, अशुभ!" तातेरावांनी कलश घट्ट धरला आणि दुसरा पाय टाकला.

गिरिजाबाईंनी चाल आवरती घेतली. तिच्या चालीनं चालायचं, अशी रीतच होती. त्या एक पाऊल टाकत, थांबत, ताट सावरत, दुसरं टाकत. तळव्याला आग लागली होती, डोळ्यात पाणी येत होतं, आणि छातीत मात्र इतक्या महिन्यांत पहिल्यांदा गार वाटत होतं.

तातेराव दात आवळून, मागं न बघता म्हणाले, "वहिनी, जरा जल्दी."

"देवाचं ताट हाये भाऊजी. सांडल ना."

"अवं, पाय जळून राह्यले!"

"सावकाश चला. भाकरी थापायला पाय कुठं लागतेत?"

हलगीवाला फसकन हसला आणि त्याचा ठेका चुकला. तातेरावांच्या मानेवर घाम आला. त्यांनी पळ काढावा, तर ताट मागं राहील आणि सगळा गाव, वर पाहुण्यांचा कॅमेरा बघतोय. ते आता टाचेवर, मग चवड्यावर असं चालायला लागले. कुणीतरी शिट्टी मारली. मागून येणाऱ्या पोराबाळांना त्यांच्या आया कडेवर घेत होत्या. म्हाताऱ्या बायका कडेच्या नालीतून चालत होत्या, कारण तेवढीच माती उरली होती.

पाहणीला आलेल्या मॅडमनी श्रद्धेनं सँडल काढून ठेवले होते. त्या चार पावलं आल्या आणि ओरडून मागं फिरल्या.

"अहो, इथं भाविक अनवाणी चालतात ना? मग हे काय करून ठेवलंय? आधी काय होतं इथं?"

गिरिजाबाई मैदानाच्या मधोमध थांबल्या. त्या थांबल्या, म्हणून तातेरावांनाही थांबावं लागलं.

"माती होती मॅडम. आमच्या पोरी खो-खो खेळायच्या. राष्ट्रीय मैदान मंजूर झाल्तं. भाऊजींनी परत पाठवलं."

"खरंय का?" मॅडमनी विचारलं.

तातेराव एका पायावर उभे होते. "काढून टाकू," ते घाईनं म्हणाले. "यात्रा झाली की काढू."

"मंग नैवेद्यबी यात्रा झाली की," गिरिजाबाई म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

मंडपात शेकडो माणसं ताटकळलेली. बुंदीच्या कढईभोवती माशा घोंगावत होत्या. कुणीतरी ओरडलं, "काढा ना तात्या, लोकं भुकेली हायेत!" मग दुसरा, मग चार-पाच जण. ज्या ओट्यावर तेव्हा हसले होते, त्यातलाही एक आवाज गिरिजाबाईला ओळखू आला.

भारत सरांनी पाळण्यावाल्याची पहार आणून दिली. तातेरावांनी कलश पुजाऱ्याच्या हातात दिला आणि धोतर खोचून भर उन्हात गुडघ्यावर बसले. गट्टू पक्का बसला होता. पहार दोनदा निसटली. तिसऱ्या वेळी तो उचकटला आणि खालची तांबूस माती दिसली, तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी त्यांच्या माणसाला सांगितलं, फोटो घे, भाविकांसाठी मातीची वाट, अहवालात लिही.

"रुंद धरा मॅडम," गिरिजाबाई म्हणाल्या. "लई भाविक येतेत. सर सांगतील किती रुंद."

भारत सरांनी खो-खोच्या मैदानाचं माप सांगितलं आणि हसू लपवायला तोंड फिरवलं.

नैवेद्य देवापुढं गेला. गाभाऱ्याच्या गार फरशीवर पाय टेकले तेव्हा गिरिजाबाईला हुंदका आला. त्यांनी देवाकडून पोरीचा गुडघा मागितला, पाऊसपाणी मागितलं. तातेरावांसाठी क्षमा मागायला मात्र जीभ उचलली नाही, आणि त्यांनी तसा आग्रहही धरला नाही.

दिवस कलताना त्या अंगणात खाटेवर बसल्या होत्या. पाय घमेल्यातल्या पाण्यात. तळव्यांना टम्म फोड आले होते. आकांक्षा कोरफड कापून गर काढत होती. तेवढ्यात तातेरावांची सून दारात आली, खालमानेनं.

"मामाजींना खाली पाय टेकवत न्हाई. कोरफड तुमच्याच घरी हाये म्हणतेत."

आकांक्षानं दोन पानं उचलली. गिरिजाबाईंनी तिचा हात धरला.

"हाये ना. कुंडीभर हाये," त्या सुनेला म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, येऊन घेऊन जा. चालत."

सून गेली. साळूबाई काहीतरी पुटपुटल्या. गिरिजाबाईंनी खाट दाराकडं तोंड करून ओढून घेतली, पाय पुन्हा घमेल्यात सोडले आणि गल्लीकडं डोळे लावून बसल्या.