पावसच्या घराची हिरवी टिक

ऑफिसात चहाला बसलं की कोणीतरी म्हणतंच, "अगं, हे लिहून ठेव कुठंतरी!" पण लिहिणार कधी? एक किस्सा सांगून होईपर्यंत साइटवरून दुसरा येतो. रत्नागिरीत आमचं आर्किटेक्टचं ऑफिस. सर, मी आणि दोघं ड्राफ्ट्समन. सरांनी कामांवर लक्ष ठेवायला एक ॲप घेतलं आणि किस्से वाढले. माझी झोप मात्र कमी झाली.

त्याचा नियम सोपा. काम झालं की टिक करायची, ओळ हिरवी होते. तारीख उलटली की लाल. आणि काहीही झालं की मोबाइल टिंग करतो. मी मुळातच काळजीखोर. टिंग झालं की अजूनही मी हातातलं काम टाकून आधी मोबाइल बघते.

*

सरांना स्क्रीनवर वाचवत नाही. रोज सकाळी ते सगळ्या ॲपची प्रिंट मागत. काळ्या प्रिंटमध्ये लाल आणि हिरवं सारखंच दिसतं, त्यामुळे पहिला आठवडाभर सर भलतेच खुशीत. "सगळं वेळेवर चाललंय की!"

मी घाबरत घाबरत खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कलर प्रिंटर आला. तिसऱ्या दिवशी लाल शाई संपली!

*

सगळ्यात जास्त टिंग पावस गावातल्या घराचे. घर सचिनचं. तो बोटीवर नोकरीला आणि गावात त्याची आई, सुमनकाकू, एकट्याच. यंदाचा गणपती नव्या घरातच बसणार हा काकूंचा हट्ट, आणि सचिनही तेव्हाच सुट्टीवर येणार होता. घर उठताना बोटीवरून बघता यावं म्हणून आम्ही त्यालाही ॲपमध्ये घेतलं. बांधकाम बाळा मिस्त्रींकडे.

शिमग्यात आठ दिवस साइट बंद. पालखी गावात आली, माणसं पालखीबरोबर गेली. ॲप विचारतं, उशीर का झाला? पर्याय चार : पाऊस, माल, मजूर, मशीन. मिस्त्रींनी चारही निवडले!

सर भडकले. "भर शिमग्यात पाऊस?"

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "सर, पालखी काय त्यात लिवलेली नाय. मंग म्हटला, एक नाय पटला तर दुसरा पटंल!"

*

एप्रिलात एका सकाळी 'स्लॅब' हिरवा झाला. बोटीवरून सचिनचा मेसेज, "अभिनंदन!" सरांनी पेढे मागवले. मी स्कूटर काढून पावसला गेले, तर जांभ्याच्या चार भिंती आणि वर निळं आकाश!

"मिस्त्री, स्लॅब कुठाय?"

"गुरवारी टाकतोय."

"मग टिक कशी केलीत?"

"म्याडम, काकूंना शब्द दिलाय ना मी? शब्द दिला म्हंजे काम झाला!"

गुरुवारी स्लॅब टाकला खरा. पण मधले दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. तेव्हापासून मिस्त्रींची टिक दिसली की मी आधी फोन लावते.

*

बोटीवर फोन धड लागत नाही, पण ॲपवर लिहिलेली कॉमेंट पोचते. म्हणून सचिननं आईच्या मोबाइलवरही ॲप घालून घेतलं. काकूंची समजूत अशी, की आपण लिहितो ते फक्त मुलाला दिसतं. दिसायचं सगळ्यांना! सरांना, मला, मिस्त्रींनासुद्धा. प्रत्येक कामाखाली काकूंचं "जेवलास का?" आणि त्याखाली सचिनचं "जेवलो." अगदी ड्रेनेजच्या पाइपाखालीसुद्धा! काकूंना खरं सांगायचं धैर्य कोणालाच झालं नाही.

श्रावणात स्वयंपाकघराचा ओटा झाला. ग्रॅनाइट बसलं, टिक हिरवी, आणि या वेळी खरीखुरी. त्याखाली काकूंनी लिहिलं, "सच्या, जेवलास का? ओटा उंच झालाय रे, हात पोचत नाय. पण मिस्त्रीला बोलू नको. जीव लावून बांधलान त्याने."

सरांनी ते वाचून ओट्याचं ड्रॉइंग काढलं. उंची त्यांनीच दिलेली. मिस्त्री दोन दिवस मान खाली घालून काम करत होते. ओटा फोडावा, तर आपण लिहितो ते सगळे वाचतात हे काकूंना कळणार. आता सचिननं सांगितलं तरच काही करता येणार होतं.

*

आणि सचिनचं उत्तरच येईना.

त्याची बोट होती तिकडे समुद्र खवळल्याचं कळलं. कंपनीवाले फोनवर "प्रयत्न चालू आहेत" एवढंच सांगत. चार दिवस गेले. सहा गेले. ॲपवर सचिनच्या नावाखाली 'नऊ दिवसांपूर्वी पाहिले' असं दिसायला लागलं. मी ते दिवसातून पन्नासदा उघडून बघायचे. सरांनी प्रिंट मागणं सोडलं. काकू रोज सकाळी त्याच ओट्याखाली लिहीत, "जेवलास का?" दुसरं काही नाही. मला भीती वाटत होती आणि ती कोणाकडे बोलायचीही भीती वाटत होती.

दहाव्या दिवशी सकाळी टिंग झालं. सर उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी मोबाइल उघडला.

"जेवलो. मिस्त्री, ओटा चार बोटं खाली घ्या. आईचा हात पोचत नाही."

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मिस्त्रींना फोन लाव. म्हणावं, फोडा!"

मी नंबर शोधेपर्यंत ॲपवर नवी ओळ आली होती, 'ओटा फोडणे'. बघता बघता ती हिरवीही झाली! मी सवयीनं फोन लावला आणि ओरडले, "मिस्त्री, परत काम न करता टिक?"

पलीकडून नुसते घणाचे घाव ऐकू येत होते.