थांबाबाई

बाईंचा हात आधी वर जायचा, मग तोंड उघडायचं. पंजा सरळ तुमच्या नाकासमोर, चौकातल्या हवालदारासारखा, आणि एकच शब्द: "थांबा." एखादं मूल अडखळत बोलत असताना मध्येच कोणी त्याचं वाक्य पुरं करायला गेलं की हा हात वर होणारच. समोर मुख्याध्यापक असो, मुलाची आई असो की माझ्यासारखा दुकानदार. "त्याचं वाक्य आहे. त्यालाच संपवू दे." अंबरनाथमध्ये त्यांना जाधवबाई फार थोडे लोक म्हणत. बाकी सगळ्यांची ती थांबाबाई.

आमची पहिली भेट भांडणात झाली. उल्हासनगरला माझं जीन्सचं दुकान आहे, माझ्या जिवावर उभं केलेलं. मे महिना होता, सकाळची भवानीही झाली नव्हती आणि ही बाई चार पोरं घेऊन दुकानात शिरली. एक पोरगा पँट हातात धरून नुसता उभा. "काका... ही... काका..."

"बोल ना भाऊ, कितीला पाहिजे? टाइम नाय मला," मी म्हणालो.

हात वर. "थांबा."

माझ्याच दुकानात मला थांबा! मी जो आवाज चढवला तो समोरच्या सिंधी शेठने गल्ला सोडून बाहेर येऊन ऐकला. बाईंनी माझं पुरं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "ओरडून झालं? आता त्याला बोलू द्या."

पोरगा बोलला. वेळ घेतला, पण बोलला. "काका, ह्या खिशाची शिलाई उसवलीय. त्याचे कमी करा." मी पाहिलं, खरंच उसवली होती. कमी करावे लागले.

ही बाईंची पद्धत होती. निवृत्त शिक्षिका, अंबरनाथला स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत त्या अशा मुलांना शिकवायच्या, ज्यांची अक्षरं डोळ्यांसमोर जागेवर राहत नाहीत, आकडे उलटे होतात, पण डोकं आपल्यापेक्षा तल्लख असतं. दहावी झालेल्या मुलांना त्या मे महिन्यात आमच्या बाजारात आणायच्या. खरेदी हे निमित्त. "शाळेत ह्यांच्यासाठी मी मागते, आई मागते," त्या मला म्हणाल्या. "कॉलेजात कोणी कोणासाठी मागत नाही. मग तोंड उघडून मागायला ह्यांनी शिकायचं कुठे? उल्हासनगरपेक्षा मोठी शाळा दाखवा."

मी जांभूळ गावाकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. शाळा मी सोडली नाही, शाळेने मला सोडलं. फळ्यावरचं वाचता येत नाही म्हणून मास्तर मला वर्गाबाहेर उभा करायचे आणि येणारा-जाणारा विचारायचा, "आज पण?" त्या मास्तरांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. माझी मुलगी पूर्वा तेव्हा आठवीत होती आणि तिची वही पाहिली की मला माझीच पाटी दिसायची. दुसऱ्या मे महिन्यात बाई आल्या तेव्हा मी पँटच्या घड्या घालत सहज विचारल्यासारखं केलं, "बाई, समजा एखाद्याला असं असलं, तर...?"

"एखाद्याला जाऊ द्या. मुलीला की मुलाला?"

पूर्वा त्यांच्या खोलीवर जाऊ लागली. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात खेपा घालून सवलतींसाठीचं प्रमाणपत्र झालं. दहावीला जादा वेळ मिळाला, लेखनिक मिळाला आणि पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. मी पेढे घेऊन गेलो. बाईंनी खोका बाजूला ठेवला. "पेढे ठीक आहेत. पण आता सगळं पहिल्यापासून. कॉलेजला वाटतं, हे दुखणं दहावीला संपतं."

बाईंना दया चालत नसे. 'बिचारी' म्हणणाऱ्याला त्या चहा पाजत नसत. एका कार्यक्रमात कोणी पाहुण्याने ह्या मुलांना 'स्पेशल' म्हटलं, तर बाई पहिल्या रांगेतून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "स्पेशल थाळी असते. हे विद्यार्थी आहेत."

कॉलेजचं नाव घेत नाही. घेतलं तर पुढे शिव्या लिहाव्या लागतील. अकरावीची पहिली परीक्षा सोमवारी, आणि शुक्रवारपर्यंत सवलतीचं काहीच नाही. परीक्षा बघणाऱ्या सरांकडे पूर्वाने स्वतः जायचं, असं बाईंनी ठरवलं. नियम तासाला वीस जादा मिनिटांचा. मी पोरीला घरी समजावलं, "वीस पाहिजेत ना? मग चाळीस सांग. तो तोडेल, तू वीसवर ये. त्यालाही जिंकल्यासारखं वाटेल." मी आयुष्यभर असंच केलंय. ती तर माझ्याच दुकानात वाढलेली.

पूर्वा आत गेली. बाई आणि मी बाहेर बाकावर, दार उघडं. तिने सांगितलं, "सर, तासाला चाळीस मिनिटं."

सर भाव तोडणारे निघाले नाहीत. "नियमात वीस आहेत. म्हणजे तुम्ही लोक असंच फुगवून मागता. आता सगळे कागद तपासायला पाठवतो. परीक्षा झाल्यावर बघू."

मी उठून आत घुसलो. काय बोललो ते छापण्यासारखं नाही. सर मात्र थंडपणे म्हणाले, "एवढा त्रास कशाला घेता? तुमचं दुकान आहे ना? तिथे बसवा तिला."

हे वाक्य मी जपून ठेवलंय. मरेपर्यंत ठेवीन.

बाहेर आल्यावर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चाळीस ही माझी शिकवण, हे कळल्यावर आधी हसल्या, इतक्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग माझ्याकडे वळल्या. "हा तुमचा बाजार नाही. जे आपलं आहे त्याचा भाव वाढवायचा नाही. आणि कमी तर मुळीच घ्यायचा नाही. पूर्वा, परत जा."

"बाई, तुम्ही चला ना."

"सोमवारी पेपरला मी बसणार आहे का?"

"मग पप्पा?"

"पप्पा तर अजिबात नको."

ती परत गेली. मी बाकाची कड धरून बसलो. आत सर काहीतरी बोलायला लागले, थांबले. मग पोरीचा आवाज आला, तुटक पण स्वच्छ. "सर, मघाशी मी चुकीचं मागितलं. तासाला वीस मिनिटं. लेखनिक. शुद्धलेखनाचे मार्क कापायचे नाहीत. दहावीला बोर्डाने हेच दिलं होतं. तुम्ही तपासा. मी उभी आहे."

"हे बघ, पंधरा करू. तू पण थोडं ॲडजस्ट कर."

खरं सांगतो, पंधरा हा चांगला सौदा होता. 'चला, डन' माझ्या जिभेवर आलं होतं. बाईंनी माझ्याकडे न बघता नुसता पंजा वर केला.

"नाही सर," पूर्वा म्हणाली. "वीस."

आणि ती उभी राहिली. शिपायाने खुर्ची आणून दिली, बसली नाही. मुलं ये-जा करत होती, बघत होती, कोणी हसलंही. मला वर्गाबाहेरचा मी आठवत होतो. फरक एवढाच की मला कोणीतरी उभं केलं होतं आणि ही स्वतःहून उभी होती. सरांचा डबा खाऊन झाला तरी ती तिथेच. शेवटी त्यांनी सही केली. वीस मिनिटांची, पूर्ण.

आता पूर्वा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सरांना मी अजून पेढे दिलेले नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर बाईंना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. त्यांची भाची बदलापूरहून येईपर्यंत दवाखान्यात पूर्वा आणि मी होतो. तरुण डॉक्टर आला, घाईत. खाली वाकून विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

बाईंचे ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा हलले. डॉक्टरने घड्याळ बघितलं आणि माझ्याकडे वळला. "पेशंटचं नाव?"

मी तोंड उघडलं आणि समोर पंजा आला. पूर्वाचा. सरळ माझ्या नाकासमोर.

"थांबा, पप्पा. त्यांना येतंय."

डॉक्टर म्हणाला, "मॅडम, मला अजून पेशंट आहेत."

"असू देत," पूर्वा म्हणाली. हात तसाच वर.

आम्ही थांबलो. मी, जो गिऱ्हाइकाला वाक्य पुरं करू देत नाही, तो थांबलो. बाईंच्या कपाळावर घाम आला. डावी मूठ चादरीत आवळली गेली. आणि मग आलं, वेडंवाकडं, एकेक तुकडा ओढून काढल्यासारखं: यशोधरा. भिकाजी. जाधव.

पूर्ण नाव. एक अक्षरही कमी घेतलं नाही.