भूमिकाचं हसू

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नत्थूजी पेंटरच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नसे. अंगणवाडीताई, गिरणी कामगार, वेगळा विदर्भ मागणारे, साऱ्यांचे फलक तेच रंगवत. आधी भिंतींवर गेरूनं घोषणा लिहिल्या, मग मांजरपाटावर चेहरे आले. उगारलेली मूठ, ताणलेली मान, पेटलेले डोळे. फ्लेक्स आला आणि काम आटलं, तरी जुन्या संघटना त्यांना सोडून गेल्या नाहीत.

यंदा कामगार संघटनेचा केशव आला तो मान खाली घालून. कन्हानकडच्या एका कारखान्यात बॉयलर फुटला होता. गेलेल्या मजुरांत नत्थूजींची एकुलती एक लेक होती, भूमिका. पॅकिंगमध्ये कामाला होती.

"काका, तिचा फोटो द्या. मोर्च्यासाठी फ्लेक्स छापून घेतो. तुमाले त्रास नको."

"माही पोरगी मीच काढतो," नत्थूजी म्हणाले.

त्यांनी दार लावून घेतलं. चेहरा पुरा झाल्यावरच बायकोला, यमुताईंना, हाक मारली. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"हे कोण जी?"

"काहून वं? भूमिका."

"नाक तिचंच हाय. हनुवटीवरचा तीळबी हाय. पण आपली पोरगी एवढी रागात कधी होती? हसतच राहे ते."

नत्थूजींनी कापडाकडे पाहिलं. तीच मूठ, तीच मान. हात आपल्या सवयीनं चालला होता आणि त्यांना कळलंही नव्हतं. त्यांनी ओठांवर पांढरा रंग फिरवला, ते पुन्हा काढले. हसू उमटेना, घोषणाच उमटे. शेवटी त्यांनी कुंचला खाली ठेवला.

"मले हसणं काढताच येत नाही वं. इतक्या वर्षांत कोणी मागितलंच नाही."

यमुताई त्यांच्याजवळ खाली बसल्या.

दुसरं कापड रंगवायला वेळ नव्हता. मोर्चा तोच फलक घेऊन निघाला. टेकडी रोडवर पोलिसांनी अडवलं, भूमिकाच्या नावानं घोषणा झाल्या, शिष्टमंडळ निवेदन देऊन परतलं. संध्याकाळी केशवनं फलक घरी आणून दिला.

"लई लोकांनी फोटो काढले, काका."

यमुताईंनी फलक भिंतीकडे तोंड करून ठेवला.

त्यानंतर नत्थूजींनी मोर्च्याचं काम घेतलं नाही. सकाळी ते पेन्सिल आणि कागद घेऊन ओसरीवर बसतात.

"हसताना तिचे डोळे बारीक होत का वं?"

"होत ना. गालाले खळी पडे."

ते काढतात, बघतात आणि खोडून टाकतात.