सेलेनियम न घालता आलेले स्फटिक

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचत आले... खोटं कशाला बोलू, बरेचदा हसतसुद्धा आले. आमच्या घोडपदेवच्या चाळीत कुणाच्या अंगात आलं की बाबा म्हणायचे, "आधी थर्मामीटर लावा." अशा घरात वाढलेली मी, वर रसायनशास्त्रात पीएचडी करायला घेतलेली. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय. पण डोक्यातून जात नाहीये.

आमची लॅब परळला. संस्थेचं नाव विचारू नका. माझ्या गाइड सामंत मॅडम. आयुष्यभर त्यांना एकच ध्यास — सेलेनाइट आणि सल्फेट एकाच स्फटिकात बसवायचे. एक सेलेनियमपासून येतो, दुसरा गंधकापासून. एकत्र घातले की बहुतेक वेळा दोघं वेगवेगळ्या क्षारांत जाऊन बसतात. भांड्याच्या तळाशी एक पांढरा चुरा, बाजूला दुसऱ्याचे खडे. मॅडम म्हणायच्या, "सासू-सून आहेत गं, वैशाली. एका घरात नांदवायचं तर धीर हवा."

त्यासाठी जाड स्टीलचा डबा असतो, आत टेफ्लॉनचं भांडं. प्रेशर कुकरच म्हणा, फक्त शिट्टी नाही. तांब्याचा क्षार, सल्फ्युरिक आम्ल, पाणी आणि सेलेनियम डायऑक्साइड घालायचं, झाकण आवळायचं, ओव्हनमध्ये तापवायचं आणि मग अगदी सावकाश थंड होऊ द्यायचं. झाकण आवळून झालं की मॅडम त्यावर टकटक करून सांगायच्या, "गोडीगुलाबीनं राहा रे." आम्ही हसायचो.

आणखी एक गोष्ट. मॅडमच्या श्वासाला लसणीचा वास यायचा. शरीरात सेलेनियम जात राहिलं की तसा येतो. त्या जुन्या पिढीतल्या, मास्कबिस्क फारसा मानायच्या नाहीत. गंमत म्हणजे सासर फणसवाडीतलं, सोवळ्याचं, घरात लसूण औषधालाही नाही. सासूबाई शेवटपर्यंत समजत राहिल्या की सून बाहेर काहीबाही हादडून येते.

निवृत्तीच्या तोंडावर मॅडमना तो स्फटिक मिळाला. हिरव्या, केसासारख्या बारीक सुया. मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. एक्स-रेनं आतली अणूंची रचना टिपली, पेपर पाठवला... आणि मॅडम झोपेतच गेल्या. मागाहून परीक्षकाचं उत्तर आलं — रचनेबद्दल शंका आहे, स्फटिक पुन्हा बनवून नवा डेटा द्या. जुन्या सुया काढायला गेले तर दमट हवेनं त्यांचा चुरा झालेला.

मग कॉरिडॉरमध्ये कुजबुज सुरू झाली. म्हातारीनं जाता जाता डेटा शिजवला म्हणे. ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी डिग्री गेली असती तरी मी रडून गप्प बसले असते. पण ज्या बाईनं मला तराजू कसा पुसायचा इथपासून शिकवलं, तिला खोटारडी ठरवून पेपर मागे घ्यायचा?

पुन्हा बनवायला बसले तर जमेचना. दरम्यान जुनी इमारत पाडायला निघाली आणि आमची लॅब नव्या इमारतीत आली होती. आमच्या धंद्यात एक समज आहे, अंधश्रद्धा नव्हे, अनुभव — एखाद्या खोलीत स्फटिक एकदा आला की त्याची न दिसणारी धूळ तिथे राहते, आणि ती धूळ बी होऊन पुढचे स्फटिक आणते. नव्या खोलीत फक्त रंगाचा वास होता. प्रत्येक वेळी झाकण उघडावं तर तोच पांढरा चुरा. माझी झोप उडाली, जेवण उडालं, आईशी उगाच भांडणं व्हायला लागली.

आणि एका दुपारी, ओव्हनसमोर उभी असताना, मला लसणीचा वास आला.

आधी मी टरकले ते विषाला. लसणीचा वास म्हणजे सेलेनियम कुठेतरी गळतंय! सगळ्यांना बाहेर काढलं, सेफ्टी ऑफिसर आले, तपासणी झाली. काही नाही. वासही फक्त मलाच आला होता. "लॅबोरेटरीत डबा खाता काय?" म्हणून वर बोलणी खाल्ली, आणि खबरदारी म्हणून सेलेनियमच्या सगळ्या बाटल्या त्यांनी आपल्या कपाटात कुलूपबंद केल्या.

माझा लॅबमेट इम्रान, माझगावचा, म्हणाला, "वैशू, तू टेन्शन घेऊन येडी होशील. चार दिवस घरी बस ना."

घरी बसून काय करणार होते? म्हटलं, निदान सेलेनियमशिवायची चाचणी तरी लावून ठेवू. म्हणजे बाकी सगळं तेच, फक्त सेलेनियम नाही. त्यातून निळा मोरचूद येणार हे शाळेतलं पोरही सांगेल. भांडं नवं कोरं, पाकिटातून काढलेलं. डबाही नवा. झाकण आवळलं... आणि सवय नसताना माझा हात त्यावर टकटक करून गेला. मॅडमचं ते वाक्य मात्र म्हटलं नाही.

डबा थंड झाला तो ऋषिपंचमीला. लालबाग-परळचे रस्ते गणपतीच्या गर्दीनं बंद, मी घोडपदेवहून चालत गेले. लॅबमध्ये इम्रान आणि मी, बाकी शुकशुकाट. झाकण सैल केलं आणि लसणीचा असा भपकारा आला की मी मागे सरले. या वेळी इम्रानलाही आला. "हे काय गं?" म्हणत त्यानं नाकाला रुमाल लावला.

आत हिरव्या सुया होत्या.

आम्ही लगेच त्यातली एक सुई उचलली. एक्स-रे केला. तांबं, सल्फेट... आणि सेलेनाइट. मॅडमचाच स्फटिक, अणू न् अणू जागच्या जागी. जे सेलेनियम मी घातलंच नव्हतं, जे कुलपात होतं, ते त्यात बसलं होतं. कुठून आलं? इम्राननं भांडं, पाणी, आम्ल, तांब्याचा क्षार सगळं तपासून घेतलं. कशातच सापडलं नाही. शेवटी तो म्हणाला, "मेरे को कुछ नहीं पूछना है. तू बस काम पूर्ण कर."

बाटल्या परत मिळाल्यावर मी रीतसर मिश्रण लावलं आणि त्यात या हिरव्या सुयांपैकी एकेक बी म्हणून टाकली. दर वेळी स्फटिक आले. आता इतर लॅबमध्येही येतात. पेपर स्वीकारला गेला, पहिलं नाव मॅडमचं. पद्धतीत मी लिहिलं, 'आधीच्या स्फटिकाचे बी वापरले.' खोटं नाही. पण तो आधीचा स्फटिक कसा आला, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

छापील प्रत घेऊन फणसवाडीत काकांकडे गेले, मॅडमच्या यजमानांकडे. काकांनी चष्मा लावून मॅडमच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "एक सांगू? हसू नकोस. ही गेल्यावरही तिचा तो वास घरात होता. तिच्या कपाटाशी, उशीशी. आई नावं ठेवायची त्या वासाला, पण मला आधार वाटायचा गं. मी खिडकीसुद्धा उघडत नव्हतो."

"होता म्हणजे?" मी विचारलं.

"गेला. ऋषिपंचमीला. वहिनीनं ऋषीची भाजी आणून दिली, ताट वाढून घेतलं आणि लक्षात आलं — घरात नुसता भाजीचा वास. कपाट उघडलं, उशी हुंगली... काही नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो. वाटलं, आता ही मला सोडून खरंच गेली."

मी सांगणार नव्हते. त्यांच्याकडून काहीतरी हिरावून आणल्यासारखं वाटत होतं. पण त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून सगळं सांगून टाकलं. ओव्हन, कुलूपबंद बाटल्या, तो भपकारा, हिरव्या सुया.

काकांनी तो कागद नीट मांडीवर ठेवला. मग डोळे पुसून चक्क हसले.

"म्हणजे कामावर गेली होती होय," ते म्हणाले. "मग ठीक आहे. कामावर जाताना ती मला कधीच सांगून जायची नाही."

या सगळ्याला स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. इथे कोणाकडे असेल तर जरूर द्या, मी मनापासून शोधते आहे. तोवर झाकण आवळलं की मी टकटक करते. आणि हल्ली तेवढं वाक्यही म्हणते.