पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही

थांबा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. एसटी महाडला पोचायच्या आत. कारण एकदा रूमवर गेले की मैत्रिणी येणार, चहा होणार, मी नेहमीसारखी बडबडायला लागणार आणि हे आतच राहणार. सहा महिने राहिलंच होतं. टायपिंगच्या चुका सोडून द्या, गाडी हलतेय.

सुरुवात एका चिठ्ठीपासून झाली. फेब्रुवारीत आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा जाहीर झाली. विषय होता, परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा शोध घेण्यात अर्थ आहे का? मी तर उडालेच! शाळेपासून मी या विषयाची वेडी आहे. रेडिओ दुर्बिणींच्या मोठमोठ्या तबकड्या आकाशाकडे कान लावून बसतात, कुणी काही बोलतंय का ऐकतात, हे वाचूनच माझ्या अंगावर काटा येतो. पण चिठ्ठ्या टाकल्या आणि मला आलं 'विरोधी'. म्हणजे मी बोलायचं की हे सगळं फुकट आहे. मी रडकुंडीला आले तर मॅडम म्हणाल्या, "आपल्याला पटत नाही ते दुसऱ्याला पटवून दाखव, मग मानेन तुला."

शनिवारी मी घरी गेले. घर म्हणजे पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात, मोजून अकरा घरांची वाडी. आईबाबा मुंबईला, मी लहानपणापासून काका-काकीकडे. त्यांना मूल नाही, म्हणजे मीच. रविवारी सकाळी खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात बसून मी काकाला विषय समजावून सांगत होते. तो विडी ओढत ऐकत होता.

"म्हंजे वर कोन हाय का ते बघतात?"

"हो ना! आणि ते आपल्याशी बोलतील का, ते."

"अगो, खाली पोलादपुरात सायेब फोन उचलत नाय, आनि वरचा उचलनार?" काकी आतून हसली. काकाला तेवढंच हवं होतं. "आनि उचललाच तर पयलं विचार, पानी हाय का तुमच्याकडं? असंल तर एक पाइप इकडं सोड म्हनावं."

पाण्याचं असं, की आमच्या वाडीला पाणी वरच्या झऱ्यातून काळ्या पाइपनं येतं. गुरं पाय देतात, वानरं ओढतात, जोड निसटतो आणि नळ कोरडा. त्या दिवशी तसंच झालं होतं. काका सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि कोयती घेऊन साडेअकराच्या सुमाराला वर गेला. जाताना म्हणाला, "मी येईपर्यंत भाषन पाठ करून ठेव. मी जज."

आता एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे डोंगरात माणसाला नावानं हाक मारत नाहीत. तोंडाला दोन्ही हात लावून लांब 'कूऽऽ' घालायची. समोरच्यानं तशीच उलट कू घातली की समजायचं, पोचली. पण भर दुपारी आणि तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसरी आली तरच द्यायची. कारण माणूस तीनदा हाक मारतं. 'ते' एकदाच मारतं. आणि आपलं माणूस डोंगरात असलं की त्याचाच आवाज घेऊन मारतं. ओ दिलीत की न्यायला आलंच. हा नियम मला काकानंच शिकवला. मी सहा-सात वर्षांची असताना रानात एकदा पहिल्याच हाकेला "ओऽऽ" केलं म्हणून त्यानं माझा कान इतका पिळला होता की दोन दिवस लाल होता.

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही हो. सायन्सला आहे मी! पण अंगात बसलेल्या गोष्टीला कॉलेज काय करणार?

तर दुपार झाली. मी खळ्यात फोनवर भाषण टाइप करत होते आणि माझा सगळ्यात जबरदस्त मुद्दा मला नुकताच सापडला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तबकडीला आकाशातून एक जोरदार सिग्नल मिळाला होता. एकदाच. शास्त्रज्ञांनी परत परत त्याच जागेकडे कान लावले, पुन्हा काहीच आलं नाही. आणि त्यांचा नियम असा की जे पुन्हा ऐकू येत नाही ते धरायचं नाही. मी लिहिलं, 'जो सिग्नल पुन्हा येत नाही, त्याला सिग्नल म्हणत नाहीत.' वा! मीच मला वा म्हटलं.

आणि वरून कू आली.

एक. लांबून, बारीक, शेवटी तुटलेली. मी मान वर केली. बोटं स्क्रीनवरून उचलली आणि खरं सांगते, मनात मोजलं. एक. थांबले. दुसरी नाही. पाखरू असेल. गुराखी असेल. अजून थोडं थांबले. मग कानात इअरफोन घातले, कारण मला त्या सिग्नलवरचा व्हिडिओ बघायचा होता. वीस-बावीस मिनिटांचा होता. त्या वेळात दुसरी-तिसरी आली की नाही, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही.

चार वाजले तरी नळाला पाणी नाही, तेव्हा काकीनं शेजारच्या दोघांना वर पाठवलं. काका झऱ्याच्या खालच्या कातळावरून घसरून घळीत पडला होता. डोक्याला लागलं होतं, मांडी मोडली होती. जिवंत होता. झोळी करून रस्त्यापर्यंत आणला, तिथून जीप, आणि पोलादपूर यायच्या आत गेला. डॉक्टर बाबांना फोनवर एवढंच म्हणाले, "रक्त फार गेलंय. थोडं आधी आणलं असतं तर..." ते वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. मी अजून रोज पुरं करते.

स्पर्धा महिन्याभरानं झाली. मॅडम म्हणाल्या, नको बोलूस. पण मी गेले. आणि ते वाक्य बोलले. तेच. 'जो सिग्नल पुन्हा येत नाही, त्याला सिग्नल म्हणत नाहीत.' टाळ्या पडल्या. मला पहिला नंबर मिळाला. काकीनं ती ट्रॉफी काकाच्या फोटोशेजारी ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागली, "त्यानंच ऐकून घेतलेलं तिच्याकडून." रोज फोटो पुसताना ती ट्रॉफीही पुसायची. मी दर शनिवारी घरी जायचे आणि ते बघायचे.

आज सकाळी मला ते सहन झालं नाही. पाऊस चालू आहे, नळाला आता पाणीच पाणी. काकी पागोळ्यांच्या आत बसून भांडी घासत होती. मी तिच्या मागं उभी राहिले. तोंडाकडे बघून सांगायची हिंमत नव्हती.

"काकी, त्या दिवशी मी कू ऐकली होती."

तिचा हात थांबला नाही. राखेनं टोप घासत राहिली.

"कितीदा?"

"एकदा."

"मी पन एकदाच."

मला आधी कळलंच नाही. ती पुढं बोलत गेली, टोपाकडे बघूनच. "भाकरी थापत व्हती. पिठाच्या हातानं दारापर्यंत आली. तू खळ्यात. तू मान वर केलीस ती दिसली मला. म्हटलं, पोरगी ओ देत नाय, म्हंजे मोजतेय. मी पन मोजत उभी राहिली. मग तू कानात ते घातलंस. म्हटलं, हिनं सोडलं, म्हंजे काय नसंल. तवा भाजत व्हता, आत गेली."

"मला का नाही सांगितलंस?"

"मागनं तू काय बोलली नायस, तवा वाटलं, तुला ठाऊकच नसंल. मान अशीच केली असशील. नसंल ठाऊक तर बरंच हाय, असं म्हटलं."

आठ पावलं. खळ्यातून दारापर्यंत आठ पावलं आहेत, मी आज मोजली. तबकडीवाले लोक काहीही ऐकू आलं की पहिली गोष्ट काय करतात माहितीये? दुसऱ्या तबकडीला विचारतात, तुला आलं का? मी हे भाषणात सांगितलं होतं! चेष्टेनं! की बघा, एकमेकांना विचारतात तरी हाती काही नाही. आणि आम्ही दोघी एका घरात, एकच आवाज ऐकून, एकमेकींना न विचारता गप्प बसलो. मग सहा महिने पुन्हा गप्प.

भांडी झाल्यावर काकीनं फोटोशेजारची ट्रॉफी उचलली, पदरानं पुसली आणि माझ्या पिशवीत घातली. डब्याच्या वर. आत्ता ती माझ्या मांडीवरच आहे, खड्ड्यात गाडी आदळली की टोचते.

तर शोधण्यात अर्थ आहे का? मला आज कुणी विचारलं तर मी म्हणेन, ऐकत राहा, नक्की ऐकत राहा. पण आता हे मी आनंदानं म्हणू शकत नाही. आधी वाटायचं वर कुणी असेल तर किती मजा! आता वाटतं, असेलही कुणी, आपली हाक पोचलीही असेल, आणि तेही आपल्यासारखेच घाबरून, शहाणपणानं, मोजत बसले असतील. किंवा कुणीतरी आपल्याला एकदा हाक मारली, दुसरी मारण्याएवढा श्वास त्यांच्यात उरला नव्हता, आणि आपण 'पुन्हा आली नाही' असं लिहून ठेवलं.

खाली रस्त्यावर आल्यावर एसटीची वाट बघताना मी वाडीकडे तोंड करून कू घातली. एकदाच. काकी नेहमी दारात उभी राहते मला बघायला. उत्तर आलं नाही. पाऊस होता, वारा उलटा होता, तिनं ऐकलीच नसेल. किंवा ऐकली असेल. दुसरी घालायला तोंडाला हात लावले आणि आवाजच फुटेना.

शेवटचा फाटा गेला, आता महाड येईल. पटकन सांगा मला, तुमचं कधी असं झालंय? एकच हाक ऐकली, पुन्हा आली नाही म्हणून सोडून दिली, आणि शेजारच्यानंही ऐकली होती हे नंतर कळलं?