देवाला नोटीस पीरियड असतो का?

आमच्या बर्लिनच्या इन्स्टिट्यूटमध्ये काम थोडं आणि किस्से फार. माणसं मोजकी, कॉफी मशीन एकच आणि संशोधनाचा विषय म्हणजे देवाने माणसाशी केलेले करार! अशा ठिकाणी किस्से नाही जमणार तर काय पीएचड्या जमणार? माझी स्वतःची तर कायम अर्धीच होती.

*

इंगोलश्टाटच्या कार कंपनीत लागलेला माझा नागपूरचा कॉलेजमित्र सुनील एकदा भेटायला आला. म्हणाला, "तू इथे नेमकं करतेस काय गं?"

मी सांगितलं, देव अब्राहामला म्हणाला, तू माझा, मी तुझा, तुझ्या वंशाला ही जमीन देतो. पुढचं सगळं बायबल त्या करारावर उभं आहे.

सुनीलने इंजिनिअरसारखा विचार केला. "नोटीस पीरियड किती?"

"नाहीच."

"मग अब्राहामने न वाचताच सही केली म्हण की!"

*

सिंकमध्ये खरकटे कप साचायला लागले तेव्हा मॅथियासने किचनचा करार लिहिला. मॅथियास म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा, दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेनमधल्या पाद्र्याचा मुलगा. नमुना घेतला प्राचीन राजांच्या तहांचा. त्यांची रीत ठरलेली. आधी सम्राटाचे उपकार, मग तुमची कर्तव्यं, मग साक्षीला देव आणि शेवटी शाप.

म्हणून सुरुवात आमच्या प्रमुख प्रोफेसरबाईंच्या तोंडी : "मी, जिने तुम्हाला कॉफी मशीन दिलं..." साक्षीला फ्रिज आणि हीटर. शाप : "जो कप धुणार नाही, त्याच्या सायकलची चेन भर पावसात पडो!"

आठवड्याच्या आत चेन पडली. मॅथियासचीच! ओलाचिंब आला तो थेट सिंककडे, आणि मुकाट्याने कप धुवायला लागला. आमच्या बाई निवृत्तीला आल्या होत्या, पण जिभेची धार तशीच. म्हणाल्या, "गेनाऊ! अगदी बरोबर! धर्माची सुरुवात अशीच होते."

*

मॅथियासचा विषय प्युरिटन, म्हणजे सतराव्या शतकातले कडवे प्रोटेस्टंट. त्यांचा करार अख्ख्या गावाचा. सगळ्यांनी मिळून देवाला शब्द द्यायचा, आणि पाप एकाने केलं तरी दुष्काळ सगळ्यांवर. त्यामुळे जो तो शेजाऱ्यावर डोळा ठेवून.

मी म्हटलं, "ही तर आमची हाउसिंग सोसायटी!"

"आमचा जिना," मॅथियास म्हणाला. त्याच्या गावाकडे प्रत्येक घरावर आठवडाभर जिना झाडायची पाळी येते. एकदा त्याच्या आईने जिना लख्ख झाडला, पण कुणी पाहिलंच नाही. बिचारीने संध्याकाळी पुन्हा झाडला. या वेळी बादली आपटत!

*

माझ्या बाबांचा फोनवर नेहमीचा प्रश्न : "आपण बौद्ध माणसं, देव मानत नाही. आणि तू त्याच्या करारांवर पीएचडी करतेस?"

"अहो बाबा, करार मोडल्यावर काय होतं, ते शिकतेय."

"ते शिकायला जर्मनीला कशाला गेलीस? आपल्या वस्तीत कुणालाही विचारायचं होतंस."



*

जुन्या काळी करार करताना जनावर दुभागायचे आणि दोन तुकड्यांमधून चालत जायचे. अर्थ असा, की मी शब्द मोडला तर माझं असंच होवो. बाईंना हे सेमिनारमध्ये करून दाखवायचं होतं. दोन विद्यार्थी शाकाहारी निघाले, म्हणून जनावराऐवजी पाव कापला आणि कॉरिडॉरमध्ये ठेवला.

पण अब्राहामच्या गोष्टीत गंमत आहे. तो झोपलेला असतो, आणि तुकड्यांमधून जाते ती फक्त धुराची भट्टी आणि आग, म्हणजे देव एकटाच. मी विचारलं, "म्हणजे सगळी जोखीम एकाच पार्टीची?"

"म्हणून तर तो करार टिकला," बाई म्हणाल्या.

धुरासाठी मॅथियासने माझ्या अगरबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला. अलार्म वाजला, पूर्ण बिल्डिंग थंडीत रस्त्यावर! फायर ब्रिगेडवाल्याने दरडावून विचारलं, "याला जबाबदार कोण?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "या गोष्टीत फक्त देव."

*

त्या उन्हाळ्यात माझ्या नोकरीचा करार संपत आला. नोकरी गेली की व्हिसा जाणार, आणि थीसिस अर्धीच. डीनने फंड नाही म्हणून हात वर केले होते. बाईंचं नुकतंच खुब्याचं ऑपरेशन झालेलं, आणि सेमिस्टर संपलं की त्या घरी बसणार. त्या नुसत्या म्हणाल्या, "मी बघते."

मी इतकी घाबरले होते, की किचनमध्ये सगळ्यांसमोर बोलून गेले, "लेखी द्याल का?"

मॅथियास कपात तोंड घालून बसला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बाईंनी टोपलीतला एक पाव उचलला, सुरीने मधोमध कापला आणि मॅथियासला दोन्ही तुकडे समोरासमोर जमिनीवर ठेवायला लावले.

मी लगबगीने उठले.

"तू कशाला उठतेस?" बाई खेकसल्या. "झोप!"

आणि कुबडी टेकत एकट्याच त्या दोन तुकड्यांमधून चालत गेल्या.